सतरा नंबरचा काठ

२ मे, सोमवार

मेजरचा फोन आला. लॅबमध्ये हातमोजे चढवत होते, ते काढून फोन घेतला, कारण मेजर स्वतः कधी फोन करत नाहीत. ते काम नोलीनचं, म्हणजे त्यांच्या बायकोचं.

"पोरी, तुझ्या लॅबला माझं आतडं हवंय म्हणे."

मला काही कळेना. मग त्यांनी सांगितलं. मोठ्या आतड्यात गाठ निघाली आहे. सरकारी तपासणीचं पाकीट टपालाने आलं होतं, ते यांनी फ्रीजवर टाकून दिलं. नोलीनने शेवटी जेवण बंद करायची धमकी दिली तेव्हा कुठे भरून पाठवलं, आणि त्यातून हे बाहेर आलं. पुढच्या मंगळवारी डनीडनला, आमच्या इथल्या मोठ्या हॉस्पिटलात, ऑपरेशन. नर्सने संशोधनाचा कागद पुढे केला. काढलेल्या आतड्यातला थोडासा तुकडा विद्यापीठाला द्याल का, असं त्यावर विचारलेलं, आणि खाली माझं नाव छापलेलं.

"देऊ का?"

"ते मी नाही सांगू शकत, मेजर. नियम आहे. तुमचं तुम्ही ठरवायचं."

"तू बॅगपाइप शिकायचा की नाही, ते तू ठरवलं होतंस?"

"नाही. तुम्ही."

"मग?"

"तरी नाही सांगू शकत."

हसले. सही आधीच करून टाकली आहे म्हणाले.

हेक्टर मकॉर्किंडेल यांना सगळं विंटन गाव मेजर म्हणतं. लष्करात एक दिवस गेलेले नाहीत. गावच्या पाइप बँडच्या प्रमुखाला मेजर म्हणतात, आणि ते पद त्यांच्याकडे मला आठवतं तेव्हापासून आहे. माझे वडील गेले तेव्हा मी शाळेत होते. सरावाला मला घरून नेणं आणि परत आणून सोडणं हे मेजरनी कुणी न सांगता अंगावर घेतलं, ते मी गाव सोडेपर्यंत.

रिपेकाला सांगायला हवं का? ती लॅबची प्रमुख. पण नमुने नावाशिवाय येतात, नुसत्या नंबरावर. कुठला कुणाचा ते मला कळणारच नाही. म्हणून नाही सांगितलं.

१० मे, मंगळवार

मेजरचं ऑपरेशन आज. हॉस्पिटलातून एकच डबा आला. नंबर सतरा.

रिपेकाने नेहमीप्रमाणे झाकणावर हात ठेवून माओरीत प्रार्थना म्हटली. आत कुणाचं तरी शरीर आहे, तेव्हा एवढं तरी करायचं, असं तिचं म्हणणं. एरवी मी या वेळी खिडकीबाहेर बघते. आज मान खाली घातली.

"काय गं, देव आठवला?" रिपेका म्हणाली.

"सर्दी झालीय."

डब्यात दोन तुकडे असतात. एक गाठीच्या काठाचा, दुसरा तिच्यापासून वीतभर लांबचा, निरोगी. हा प्रकल्प माझा स्वतःचा पहिलाच आहे, म्हणून काय शोधतोय ते एकदा साध्या भाषेत लिहून ठेवते. सगळे गाठीकडे बघतात. आम्ही तिच्या शेजाऱ्यांकडे बघतो. आतड्याच्या भिंतीत तंतू विणणाऱ्या साध्यासुध्या पेशी असतात. कुठे जखम झाली की भरून काढायची, हे त्यांचं काम. त्या कॅन्सरच्या नव्हेत. पण आक्रमक गाठ त्यांना सतत रसायनांचे निरोप धाडत राहते, की इथे जखम आहे, कामाला लागा. त्या लागतात. मऊ, नागमोडी तंतू ओढून ताणून ताठ करतात, जाड करतात, एका दिशेने लावतात. गाठीला बाहेर पडायला वाट हवी असते. ती वाट या निरोगी पेशी बांधून देतात, इमानेइतबारे, आपण दुरुस्ती करतोय अशा समजुतीने.

हे बऱ्याच जणांना माहीत आहे. मला बघायचंय ते हे, की किती लांबचे शेजारी बदलतात.

तुकडे कापून पोषणद्रवात ठेवले. काप चांगले आले.

१९ मे, गुरुवार

सतराचे फोटो आज नव्या लेझर मायक्रोस्कोपखाली काढले. याला रंग लागत नाही, तंतू आपोआप उजळतात. काठावर ताठ तंतू, कंगव्याच्या दातांसारखे, सगळे बाहेरच्या दिशेने. ते अपेक्षित होतं.

लांबचा तुकडा लावला. तिथेही सरळ व्हायला लागलेत.

लेझर बिघडला असेल म्हणून जुना नमुना लावून पाहिला. लेझर ठीक आहे.

२६ मे, गुरुवार

सतराच्या लांबच्या तुकड्यातल्या पेशी वेगळ्या काढून ताज्या मऊ जेलमध्ये वाढवल्या होत्या. गाठ जवळ नाही, निरोप धाडणारं कुणी नाही. तरी त्या जेल ओढतायत. शिकवलेलं विसरलेल्या नाहीत.

रिपेकाला दाखवलं. ती दुपारचा डबा खात होती, एका हाताने पडदा पुढेमागे करून बघितलं.

"झकास. आता हेच आणखी बऱ्याच जणांत दिसू दे, मग बोलू."

"या माणसाने उद्या विचारलं, पुढची औषधं घेऊ का, तर?"

"तर त्याचा डॉक्टर सांगेल. आपण फोटो काढतो, मोरॅग. एका फोटोवरून भविष्य सांगणाऱ्याला जत्रेत तंबू मिळतो, विद्यापीठात खोली नाही मिळत." मग तिने काटा खाली ठेवला. "यातल्या कुणाला ओळखतेस का तू?"

"नंबर आहेत सगळे."

तेही खोटं नाही.

५ जून, रविवार

विंटनला जाऊन आले. जून लागताच हिवाळा आला, रस्त्यावर दुपारपर्यंत हिमाचा पांढरा थर होता. जाताना चीज रोल करून नेले, पावात चीजचं सारण गुंडाळून भाजलेले. आईच्या हातचे आठवून केले, सारणात कांद्याच्या सूपची पूड जरा जास्त पडली आणि कडा करपल्या. नोलीनने एकेक उचलून खालून बघितला आणि काही न बोलता ताटात लावला.

मेजर बारीक झालेत. शेगडीजवळ बसले होते, मांडीवर सरावाची नळी. पूर्ण बॅगपाइप फुगवायला पोटाला अजून परवानगी नाही, म्हणून नुसती नळी.

"गाठ निघाली. भिंतीच्या बाहेर डोकावत होती, पण आजूबाजूच्या ग्रंथी साफ," ते म्हणाले. "आता डॉक्टरने तीन दारं दाखवलीत. काहीच घ्यायचं नाही, नुसती तपासणी. नाहीतर गोळ्या. नाहीतर गोळ्या आणि वर केमोचं सलाईन. सलाईनने बोटं बधिर होतात."

"सगळ्यांची नाही," मी म्हणाले.

"पुष्कळांची थोडी, थोड्यांची कायमची. त्याने नीट सांगितलं, चांगला आहे पोरगा. मी म्हटलं, मला बोटांशिवाय दुसरं काही येत नाही. मी काहीच घेणार नाही म्हणतोय. तू काय म्हणतेस?"

"डॉक्टरांना विचारा ना."

"विचारलं. तो म्हणतो तुम्ही ठरवा. जन्मभर नोलीनने ठरवलं, आता मला एकदम बढती."

"बढती नाही, शिक्षा आहे ती," नोलीन म्हणाली.

मी विषय बदलला. काहीतरी वाजवा म्हटलं. त्यांनी एक संथ धून वाजवली, मी खिडकीतून मेंढ्या बघत राहिले. मग भांडी घासली. नोलीन नको नको म्हणत होती, तरी सगळी घासली, ओव्हनचा ट्रेसुद्धा. निघताना फाटकाशी मेजरना मिठी मारली. वारा बोचरा होता, डोळ्यांतून पाणी येत होतं.

"गाडीचा हीटर चालतो ना तुझ्या?" त्यांनी विचारलं.

"चालतो."

सतराबद्दल एक शब्दही बोलले नाही. हे वाटलं होतं त्यापेक्षा अवघड गेलं, पण नियम पाळला.

८ जून, बुधवार

अठरा नंबरचे फोटो काढले. सतराच्या मागोमाग त्याच आठवड्यात आलेला. कंटाळवाणा नमुना. काठापासून जरा हललं की तंतू मऊ, नागमोडी, जसे असायला हवेत तसे. सतराशेजारी ठेवून तुलना करायला बरा पडेल.

१४ जून, मंगळवार

नोलीनचा फोन.

"हेक्टर सलाईन घेतोय. पूर्ण कोर्स. काल डॉक्टरला फोन करून सांगितलंन."

"बरं झालं," मी म्हणाले.

"बरं झालं का? तू काही बोललीस का त्याला, मोरॅग?"

"नाही हो. शपथेवर सांगते. एक शब्द नाही."

"तोही हेच म्हणतो. 'मोरॅग एक शब्द बोलली नाही,' म्हणाला, आणि फोन उचलला."

सुटल्यासारखं वाटलं. त्यांचं त्यांनी ठरवलं आणि शहाणपणाने ठरवलं. बऱ्याच दिवसांनी नीट जेवले.

३ ऑगस्ट, बुधवार

मेजरचं दुसरं की तिसरं सलाईन झालं. फोनवर नोलीन सांगत होती. गार वस्तूला हात लावला की वीज लागल्यासारखं होतं. फ्रीजमधून दूधही तीच काढते. फाटकाची कडी मोजे घालूनसुद्धा धरवत नाही. गार पाण्याचा घोट घेतला तर घसा आवळतो, म्हणून पाणी कोमट.

"आपल्या साउथलंडच्या हिवाळ्यात गार नसलेली वस्तू कुठून आणू मी?" ती म्हणाली.

मी म्हटलं, हे औषधाचं ठरलेलं आहे, कोर्स संपला की कमी होतं. तिने विचारलं, नक्की? मी म्हटलं, बहुतेकांचं.

लॅबमध्ये सगळं सुरळीत. आणखी दोन नमुन्यांत लांबच्या पेशी बदललेल्या दिसतात, पण सतराइतक्या नाहीत.

२० ऑक्टोबर, गुरुवार

डॉक्टरांनी सलाईन थांबवलं. गोळ्या संपेपर्यंत चालू. मेजरना शर्टाची बटणं लावता येत नाहीत. नोलीन लावते आणि वर टोमणा मारते, लग्नाच्या दिवशीसुद्धा एवढी सेवा केली नव्हती.

औषध बंद झाल्यावर पहिले काही महिने आणखी वाढतं, मग उतरतं. वाचून काढलं. नोलीनला फोनवर उतरण्याचंच तेवढं सांगितलं.

१८ डिसेंबर, रविवार

मेजरनी बँड सोडला. नळीच्या भोकांवर बोट आहे की नाही ते कळत नाही. भोक अर्धं उघडं राहतं आणि सूर फाटतो. शेवटच्या सरावात मधेच थांबले, बॅगपाइप खोक्यात ठेवला आणि म्हणाले, "चला, आता कुणीतरी तरुण माणूस चुका करू दे." हे मला बँडमधल्या एकाने सांगितलं. मेजर स्वतः बोलले नाहीत.

वाईट वाटलं. पण माणूस जिवंत आहे. वाजवणारा गेला असता तर बोटांचं काय केलं असतं?

११ फेब्रुवारी, शनिवार

आजचं सगळं लिहून ठेवायला हवं.

सकाळी विंटनला गेले. मेजरची तपासणी स्वच्छ आली होती, म्हणून नोलीनने जेवायला बोलावलं होतं. ऊन छान होतं. मागच्या ओट्यावर दोघं वाटाणे सोलत होती, म्हणजे नोलीन सोलत होती आणि मेजर सांडत होते. दाणा चिमटीत आला की निसटला, ते त्यांना कळत नव्हतं. वाटाणे ओट्यावरून घरंगळत गवतात जात होते आणि कोंबड्या वाट बघत उभ्या होत्या.

मेजर रंगात होते. हॉस्पिटलच्या गोष्टी चालल्या होत्या.

"ऑपरेशन परवडलं, उपास नाही. मंगळवारी पहाटेपासून उपाशी. पोट धुऊन काढायचं ते घाणेरडं औषध आदल्या दिवशीच पाजलेलं. गाडीवर निजवून पार दारापर्यंत नेलं, आणि कुठल्या तरी अपघाताची केस आली म्हणून माघारी. बुधवारी जेली खायला दिली. हिरवी! मग परत तेच औषध, परत तोच उपास, आणि गुरुवारी कापलं."

"गुरुवारी?" मी म्हणाले.

"गुरुवारी. का?"

मी वाटाण्यांकडे बघत राहिले. मंगळवारी एकच डबा आला होता. गुरुवारी अठरा आला होता.

"नोलीन," मेजर म्हणाले, "बघ. तोच चेहरा."

"कुठला?"

"जूनमधला. चीज रोलचा."

"मी तेव्हा काहीही बोलले नव्हते," मी म्हणाले.

"अगं, तू चीज रोल करून आणलेस! तुला चहा करायचा कंटाळा. मग तू ओव्हनचा ट्रे घासलास. मी वाजवत होतो तर माझ्याकडे बघेनास. आणि फाटकाशी मला असं धरलंस, की तुझ्या बापाला पुरलं त्या दिवशी धरलं होतंस तसं. मला वाटलं, हिने आत काहीतरी बघितलंय आणि हिला बोलायची बंदी आहे. मी दुसऱ्या आठवड्यात डॉक्टरला फोन केला. आता सांग, काय बघितलं होतंस?"

सांगितलं. सतरा, अठरा, ताठ तंतू, मऊ तंतू. मला जे मेजरचं वाटलं होतं ते मेजरचं नव्हतं. मेजरचं जवळजवळ नक्की अठरा, आणि अठरा शांत होता.

नोलीनने हातातली शेंग खाली ठेवली. "म्हणजे सलाईनची गरज नव्हती."

"तसं कुणीच छातीठोक सांगू शकत नाही, नोलीन. गाठ भिंतीबाहेर आली होती. औषधाने फायदा झालाही असेल. आणि या तंतूंचा अर्थ अजून सिद्धच—"

"मला लॅबचं नको सांगूस. माझ्या नवऱ्याला मी रोज बटणं लावून देते." ती उठली, भांडं घेतलं आणि आत गेली. दाराची जाळी आपटली.

मेजर अंगठ्याने बाकीच्या बोटांची टोकं एकेक करून चोळत होते. किती वेळ तेच चाललं होतं. कोंबड्या पायाशी आल्या तरी हाकलल्या नाहीत.

"म्हणजे मी बोटं दिली ती दुसऱ्या कुणाच्या आतड्यापायी," ते म्हणाले.

मी ओट्यावरचे वाटाणे गोळा करायला लागले.

"तो सतरा कोण?"

"माहीत नाही. आणि कळलं तरी सांगता येणार नाही."

"त्याने सलाईन घेतलं?"

"माहीत नाही."

"त्याच्याकडे कुणी चीज रोल घेऊन गेलं होतं?"

"नाही."

"मग तू इथे बसून काय करतेयस?"

ते रागावून बोलले की नाही, मला अजून ठरवता येत नाहीय. जेवायला थांबले नाही. नोलीन बाहेर आली नाही.

१३ फेब्रुवारी, सोमवार

रिपेकाला सगळं सांगितलं. तिने दार लावून घेतलं.

"मी विचारलं होतं तुला. सरळ तोंडावर विचारलं होतं."

"नंबर होते सगळे. मला खात्रीने माहीत नव्हतं—"

"खात्रीने माहीत नव्हतं ते तू गाडीत घालून विंटनला नेलंस."

"मी दात्याला काहीही सांगितलेलं नाही. हे तू लिहून घे."

"तोंडाने नाही सांगितलंस," रिपेका म्हणाली.

आजपासून डबे माझ्याकडे येणार नाहीत. काप दुसरं कुणी करेल, फोटोही. मी फक्त आकडे बघायचे. ठीक आहे. तिच्या जागी मीही हेच केलं असतं.

मग सतराबद्दल विचारलं. ती म्हणाली, ताठ तंतूंवरून कुणालाही बोलावता येणार नाही, उद्या आपलंच चुकीचं ठरलं तर आणखी एक माणूस बोटं घालवेल. मी म्हटलं, मग तंतूंचं नावच नको. हॉस्पिटलकडे त्या गाठीच्या त्यांच्या स्वतःच्या, नेहमीच्या काचपट्ट्या असतील. त्या पुन्हा एकदा तपासा, एवढंच सांगता येईल का?

ती बराच वेळ बोटाने टेबलावर आवाज करत राहिली.

"नैतिकता समितीपुढे जावं लागेल. तुला. आणि मघाचं सगळं तिथे परत सांगावं लागेल, चीज रोलसकट."

"चीज रोलचा काय संबंध?"

रिपेकाने माझ्याकडे पाहिलं आणि संगणकाकडे वळली.

९ मार्च, गुरुवार

समिती झाली. लांबट खोली, पाण्याचे जग, पाच-सहा माणसं. त्यातले एक पाद्री होते. त्यांनी एकच प्रश्न विचारला, "तुम्हाला चुकीच्या माणसाबद्दल वाटलं, तसं या माणसाबद्दल वाटतं का?" मी म्हटलं, मी त्याला ओळखत नाही. ते म्हणाले, "तेच विचारतोय."

परवानगी मिळाली. फक्त काचपट्ट्या पुन्हा तपासण्यापुरती. मला ताकीद मिळाली, लेखी.

मेजरना फोन केला. नोलीनने उचलला आणि त्यांना दिला. माझ्याशी बोलली नाही.

३० मार्च, गुरुवार

रिपेका माझ्या टेबलाशी आली. अशी येते तेव्हा बसते, आज उभीच राहिली.

हॉस्पिटलने जुन्या काचपट्ट्या पुन्हा पाहिल्या. एका बारीक शिरेत कॅन्सरच्या पेशी होत्या, पहिल्या वेळी नजरेतून सुटलेल्या. कुठलाही डॉक्टर ओळखतो अशी खूण. आमच्या तंतूंशी त्याचा संबंध लावायची गरजच पडली नाही. त्या माणसाला बोलावून स्कॅन केला. यकृतात डाग आहे, एकच, लहान. कापून काढता येईल म्हणतात.

"म्हणजे सतरा आपण बरोबर वाचला होता," मी म्हणाले.

"एका माणसावरून?" रिपेका म्हणाली. पण जाताना खांद्यावर हात ठेवून गेली.

कोण ते तिलाही माहीत नाही. सर्जनने एवढंच कळवलं.

२९ एप्रिल, शनिवार

विंटन. या वेळी रिकाम्या हाताने गेले. नोलीनने दार उघडलं, मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि बाजूला झाली.

आतून नळीचा आवाज येत होता. मेजर झोपायच्या खोलीत कपाटाच्या आरशासमोर बसले होते. बोटांना भोकं लागत नाहीत म्हणून आरशात बघून बोटं ठेवायची, असं चाललंय. धून ओळखू येत होती, पण ठेचकाळत. दर दोन-तीन सुरांनी एक फाटत होता.

"सापडला," मी म्हणाले. "सतरा. यकृतात होतं. काढता येईल म्हणतात."

त्यांनी नळी तोंडातून काढली. आरशातूनच माझ्याकडे पाहत राहिले.

"बाई की बुवा?"

"माहीत नाही, मेजर."

"वय?"

"तेही नाही."

"हं." त्यांनी मान हलवली. नळी पुसली. "बोटं थोडी येतायत. अंगठ्याला काल कपाची ऊब लागली. बाकीच्यांचं डॉक्टर म्हणतो बघू."

"माझ्यामुळे—"

"ते मला माहीत आहे," ते म्हणाले. "नोलीनला तर फारच माहीत आहे. जा, तिच्याकडे जा."

मी स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभी राहिले. नोलीन पाठमोरी होती. खोलीतून धून परत सुरू झाली, तिसऱ्या सुराला चिरकली.

"करंगळीशेजारचं! डावं!" नोलीन न वळता ओरडली.

सूर सरळ झाला. तिने बटाट्यांची पाटी माझ्याकडे सरकवली.

"उभी काय राहिलीस? सोल."

मी बसून सोलायला लागले. धून वरच्या पट्टीत गेली, तिथला पहिला सूर बरा लागला, दुसरा हवा सुटल्यासारखा पातळ आला. नोलीनचा हात पाण्यात होता, ती ऐकत होती, पण तिच्या आधी मलाच कळलं.

"मेजर! अंगठा उघडा राहतोय!"

"ऐकलं!" ते आतून म्हणाले, आणि तो सूर परत घेतला.